मोडीत घाला, लिलावात घ्या

आपल्या आजोबांच्या पिढीत ‘लिलाव’ हा शब्द घरात मोठ्याने उच्चारला जात नसे. दारावर नोटीस डकवली जाई, गावात दवंडी पिटली जाई, ‘एक वार, दोन वार, तीन वार’ होई आणि घराण्याची अब्रू भांड्याकुंड्यांबरोबर बैलगाडीतून निघून जाई. पोर्तुगिजांकडून आलेला हा शब्द इतकी वर्षे केवळ कर्जबाजाऱ्यांच्या वाट्याला राहिला. आता दिवस पालटले आहेत. सोसायटीचा पुनर्विकास होऊन हाती चार पैसे आले असतील, मुलगी परदेशी स्थिरावली असेल आणि नव्या दिवाणखान्याची एक भिंत डोळ्यांत खुपण्याइतकी रिकामी दिसत असेल, तर आपणही लिलावाला जाणेच प्रतिष्ठेला शोभेल.

संग्राहक होण्याची पहिली पायरी म्हणजे घरात आहे ते जुने सामान आधी बाहेर काढणे. तांब्याचा बंब, घंगाळे, पितळी समया आणि आजीचा पानाचा डबा हे सर्व किलोच्या भावाने मोडीत घालावे, पणजोबांच्या पेटीतील मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत द्यावेत आणि शिसवी झोपाळा नव्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून सुताराला फुकट न्यायला सांगावा. दहा-पंधरा वर्षांनी याच वस्तू गुळगुळीत कागदाच्या कॅटलॉगमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर दिसतील, तेव्हा त्या ओळखू येणार नाहीत आणि म्हणूनच त्या घ्याव्याशा वाटतील. पुण्याच्या दिनकर केळकरांनी नेमके उलटे केले. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती अशा लोकांनी टाकून दिलेल्या घरगुती वस्तू त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवल्या, त्यांना आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव दिले आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. अशा माणसाचे अनुकरण केल्यास आपल्या हाती काहीही उरणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना पुराणवस्तूंपेक्षा ‘डिझाइन’ अधिक आधुनिक वाटते, त्यांनी चंदीगडचा अभ्यास करावा. त्या शहराचे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जनरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या कार्यालयांसाठी आणि वसतिगृहांसाठी सागवानाच्या, वेताने विणलेल्या खुर्च्या हजारोंच्या संख्येने तयार झाल्या. कारकुनांनी त्यांवर बसून फायली हातावेगळ्या केल्या, वेत फाटला, पाय डुगडुगू लागला आणि मग सरकारी रिवाजाप्रमाणे त्या गच्चीवर पावसात रचून ठेवण्यात आल्या. पुढे निर्लेखनाचा शेरा पडून त्या भंगाराच्या भावाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, नवा वेत विणून घेतला, आणि आज पॅरिस किंवा न्यूयॉर्कच्या लिलावात अशा खुर्चीला कित्येक लाख रुपये मोजले जातात. यातील सर्वांत शिकण्यासारखा भाग असा, की खुर्चीच्या पाठीवर कुण्या शिपायाने रंगाने घातलेला खात्याचा क्रमांक हा तिच्या अस्सलपणाचा पुरावा मानला जातो. केंद्रीय गृहखात्याने २०११ साली या सामानाच्या विक्रीला आळा घालण्याचे आदेश दिले खरे, परंतु पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याला वस्तू शंभर वर्षांची व्हावी लागते आणि या खुर्च्यांना अजून ते वय यायचे आहे. तेव्हा आपल्या तालुक्याच्या कचेरीमागे मोडक्या टेबलांचा ढीग दिसल्यास नाक मुरडू नये. त्यावरचे नंबर तेवढे टिपून ठेवावेत.

हाच कायदा खऱ्या पुरातन वस्तूला देशाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे देशात राहिलेल्या वस्तूला गिऱ्हाईक बेताचेच असते. म्हणून मूळ वस्तू पूर्वीच बाहेर गेलेली असणे केव्हाही चांगले. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार पाहा. तिचे पाते युरोपी, म्हणून तिला फिरंग म्हणत, आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘सेनासाहेब सुभा’ या किताबासह रघुजींचे नाव कोरलेले आहे. पाते एकदा समुद्र ओलांडून आले, तलवार होऊन पुन्हा ओलांडून गेले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतल्यावर ऑगस्टात तिसऱ्यांदा ओलांडून मुंबईला उतरले. विमा, वाहतूक धरून खर्च ४७ लाख १५ हजार झाला. महात्मा गांधींचा चष्मा, चपला, घड्याळ आणि ताटवाटी २००९ साली न्यूयॉर्कमध्ये १८ लाख डॉलरांना विजय मल्ल्यांनी घेतली, म्हणजे दारूबंदीच्या पुरस्कर्त्याची चप्पल दारूच्या कारखानदाराने सोडवली. वस्तूची निवड करताना तिच्या मूळ मालकाची संमती गृहीत धरण्याचा हा उत्तम नमुना होय.

चित्रकाराच्या बाबतीत मात्र धीर धरावा. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, गिरगावात वाढले, जे. जे. मधून बाहेर पडले आणि पुढे दिल्लीतील एका लहानशा बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहून वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत राहिले. त्या काळात त्यांच्याकडे जाऊन चित्र विकत घेणे फारच सोपे होते, म्हणून कुणाही सुज्ञ माणसाने ते केले नाही. ते २००१ साली गेले आणि २०२५ साली त्यांचे एक पिवळे चित्र ६७ कोटींच्या पुढे गेले. आता घाईने एखाद्या हयात चित्रकाराच्या प्रदर्शनात शिरून त्याचे चित्र त्याच्याच हातून घेण्याचा मोह होईल. तो आवरावा, कारण चित्रकार समोर उभा असला की घासाघीस करताना संकोच होतो.

कॅटलॉगची भाषा मात्र मन लावून शिकावी लागते. ‘यांचे चित्र’, ‘यांचे मानले जाणारे’, ‘यांच्या परंपरेतील’ आणि ‘यांच्यावरून’ या उतरत्या भाजणीत दर पायरीला किमतीचे एक शून्य गळते. राजा रविवर्म्याचे ‘यशोदा आणि कृष्ण’ हे तैलचित्र २०२३ साली ३८ कोटींना गेले, म्हणून आजीच्या देवघरातील लक्ष्मीही तेवढ्याच मोलाची असेल असे समजू नये. ती बहुधा त्यांच्या छापखान्यातून निघालेली आहे, आणि तो छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला गेल्यावर, नंतर खुद्द राजे निवर्तल्यावरही, बरीच वर्षे चालूच होता. ‘वयानुरूप झीज’ याचा अर्थ झाकण लागत नाही असा घ्यावा.

बोली लावताना शेजाऱ्याकडे पाहू नये, असा माझा स्वतःच्या खर्चाने मिळवलेला सल्ला आहे. विक्रेत्याने ठरवलेली राखीव किंमत गाठेपर्यंत लिलावदार त्याच्या वतीने बोली वाढवीत नेऊ शकतो. इंग्रज याला झुंबराची बोली म्हणतात, कारण आपण ज्याच्याशी ईर्ष्येने झुंजत असतो तो प्रतिस्पर्धी छताला टांगलेला असतो. मी अशा एका झुंबराला चौदा हजारांवरून अठ्ठावीस हजारांपर्यंत चढवत नेले आणि शेवटी त्याला हरवले. हातोडा पडल्यावर त्या रकमेवर लिलावगृहाचा प्रीमियम, म्हणजे त्याची दलाली, बसला, वस्तूवर कर बसला, प्रीमियमवर वेगळा कर बसला, आणि मी टॅक्सीने न जाता लोकलने घरी आलो.

वस्तू होती पितळी पानाचा डबा. आत कात, चुना, सुपारी आणि लवंगेची चार वाटोळी खणे, झाकणावर मोराची मूठ, आणि कडेला ठिपक्याठिपक्यांनी घातलेला, काळवंडून गेलेला मजकूर. कॅटलॉगात ‘देवनागरी लेखासहित, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, एका सरदार घराण्याच्या संग्रहातून’ असे वर्णन होते आणि त्या काळसरपणाचे विशेष कौतुक केलेले होते. म्हणून आणखी एक सूचना. अशी वस्तू घरी आणल्यावर ती आईच्या हाती लागू देऊ नये. मी दुपारी बँकेत जाऊन येईपर्यंत आईने चिंच आणि मीठ लावून तो डबा लख्ख घासला, चष्मा लावला आणि लेख सहज वाचून दाखवला : ‘महिला मंडळ, हळदीकुंकू, १९६८’.

“असाच आपल्याकडे होता,” ती म्हणाली, “तूच मोडीत घातलास.”

डबा पुन्हा विक्रीला ठेवावा असा विचार आहे. वर्णनात ‘महिलामंडळकालीन’ असा शब्द घालता येईल का, याची मी लिलावगृहाकडे लेखी चौकशी केली आहे.