चेंबर गळतोय म्हणून सिलिकॉन फासताय? थांबा जरा

गणपती जवळ आले की मांगरातल्या जुन्या जीपा बाहेर निघतात आणि त्यांच्यासोबत तो फॉरवर्ड पण. यंदा परत आलाच. म्हणणं असं की चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या बुडाला बोल्टने बसवलेल्या ऑइलच्या तसराळ्याचं, पॅकिंग बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं, मेकॅनिक लुटतात, त्यापेक्षा फटीवर बाहेरून सिलिकॉन फासा, बोल्ट कचकचून आवळा, जाड ऑइल टाका, आणि नाहीतरी जुनी जीप गळणारच.

इंजिन उतरवायची गोष्ट आधी संपवतो. महिंद्राने 1947 पासून विलीज जीपची जोडणी सुरू केली, पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी आली, तिचं हरिकेन इंजिन 134 घन इंच, म्हणजे साधारण 2.2 लिटर. आपल्याकडे बहुतेक जुन्या पेट्रोल जीपा याच. हिचा चेंबर इंजिन जागेवर असतानाच खाली येतो. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या (नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, विनंती आहे), ऑइल काढा, चारी बाजूचे बोल्ट सोडा, झालं. दुसऱ्या गाड्यांत क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा) आड येतो, ते वेगळं.

आता सिलिकॉन. बाहेरून फासलेलं टिकत नाही कारण आतून ऑइल झिरपतच असतं आणि ओल्या तेलकट पत्र्याला ते धरत नाही, चार दिवसांनी अख्खी पट्टी सोलून हातात येते. काही जण मग चेंबर उतरवून आत लावतात, तेही बोटभर जाड! आवळल्यावर जास्तीचं आत सरकतं, त्याचे तुकडे पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. गळती परवडली पण ऑइल प्रेशर जाणं नाही परवडत. शिवाय ही ट्यूब हवेतल्या ओलाव्यावर सुकते, आणि आपल्याकडे श्रावणात ओलावा काय विचारता, लावून चहा प्यायला गेलात की वर साय धरलीच म्हणून समजा.

बोल्ट कचकचून आवळणं, हा तर खरा गुन्हेगार. चेंबर पातळ पत्र्याचा असतो. जास्त आवळला की प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो, तिथे पॅकिंगचा कॉर्क चिरडून बाहेर येतो आणि दोन बोल्टच्या मध्ये मात्र फट राहते. मग गळतं म्हणून अजून आवळतात, अजून फट. उतरवलेल्या चेंबरच्या कडेवर स्टीलची पट्टी आडवी धरा, फुगवटे लगेच दिसतील. कडेखाली लाकडाचा ठोकळा धरून वरून हलके ठोके द्यायचे, पट्टी सपाट बसेपर्यंत. जुनं पॅकिंग खरवडून साफ. नवीन कॉर्क दुकानात वर्षानुवर्षं पडून वाळलेला असला तर आक्रसतो आणि भोकंच जुळत नाहीत, लोक ताणून बसवायला जातात आणि फाडतात. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, परत मापात येतो. मग मधून सुरू करून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे, कॉर्कची कड जराशी फुगली की थांबायचं. लांब पाना घेऊच नका.

जाड ऑइलबद्दल एवढंच की गरम झालं की तेही पातळ होतं, आणि कडक झालेला कॉर्क काही त्याने मऊ होत नाही. गळती थांबवायच्या बाटल्या रबरी सीलला फुगवतात, साध्या कॉर्कला त्याचं काय?

राहिलं "जुनी जीप गळणारच". थोडीफार पाझरते, मान्य. पण पाझरणं आणि अंगणातल्या चिऱ्यावर रोज थाळीएवढा डाग पडणं यात फरक आहे ना राव. आणि कित्येकदा पॅकिंगचा दोषच नसतो. टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हच्या भागावरचं झाकण) किंवा फ्युएल पंपाकडून ओघळलेलं ऑइल शेवटी चेंबरच्या कडेलाच येऊन टपकतं. इंजिन पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर मारा, एक फेरी मारून या, ओघळ कुठून सुरू झाला ते पावडर सांगेल. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर ओढू देणारी झडप) चोंदला असेल तर आतला दाब कुठूनतरी ऑइल बाहेर ढकलणारच, नवीन पॅकिंगमधूनसुद्धा. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचा चेंबर खालून गंजून टाचणीएवढी भोकं पडलेलीही बघितलीत, तिथे कसलं पॅकिंग न् कसलं काय.

आणि थेंब इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून येत असेल तर तो बहुतेक क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलचा. तेच ऑइल क्लच प्लेटवर गेलं की आंबोली घाट चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. तिथे कितीही आवळा, चेंबरचा काही संबंध नाही.