लॉ, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी: 'पाठांतराचे विषय' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ऑगस्टात जीसीएसईचे (आपल्या दहावीसारखी, सोळाव्या वर्षीची परीक्षा) निकाल लागले की इंग्लंडमधल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला आणि तिच्या लेकीने सिक्स्थ फॉर्मसाठी (आपली अकरावी-बारावी) ठरवलेल्या तिन्ही विषयांवर घरात संशय सुरू झाला. मजकुराचा सारांश असा: ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या शेवटच्या परीक्षेला, लॉ, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी घेऊ नका, हे 'सॉफ्ट' विषय आहेत. यांना यूकासचे (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) पॉइंट्स निम्मेच मिळतात. रसेल ग्रुपवाले (नामांकित विद्यापीठांचा गट) यांना हिशेबात धरत नाहीत. लॉ घेतला तर लॉच्याच पदवीला प्रवेश मिळत नाही. मेडिकलचं दार बंद होतं. आणि शेवटी शहाणपणाचा कळस: मूल गणितात कच्चं असेल तर मात्र हेच घ्या, नुसत्या पाठांतरावर ए-स्टार, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी, निघतो.

सुरुवात या कळसापासूनच करतो, कारण नुकसान इथे होतं. बाकीच्या थापा ऐकून मूल फार तर दुसरा विषय घेईल. ही थाप खरी मानणारं मूल वर्गात जाऊन बसतं आणि इयर १२ च्या (सिक्स्थ फॉर्मचं पहिलं वर्ष) ख्रिसमसपर्यंत गटांगळ्या खायला लागतं.

एक्यूए बोर्डाचा सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम वेबसाइटवर फुकट आहे, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने उघडून बघायला हरकत नव्हती. तीन पेपर, प्रत्येकी दोन तास, ९६ गुण. एकूण गुणांपैकी किमान १० टक्के गणिती कौशल्यांना आणि किमान २५ ते ३० टक्के संशोधन पद्धतींना. 'गणित नाही' ते हे. त्यातली साइन टेस्ट (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे अधिक-उणे चिन्हं मोजून बघायची चाचणी) तर हाताने करायची असते. समजा, दहा जणांची झोपेपूर्वी आणि झोपेनंतर स्मरणाची चाचणी घेतली. सात जण सुधारले, एक घसरला, दोघे जिथल्या तिथे. बरोबरीत राहिलेले दोघे वगळायचे, म्हणजे एन झाला ८. कमी वेळा आलेलं चिन्ह मोजायचं, म्हणजे एस झाला १. आता तक्त्यात ०.०५ च्या पातळीवर बघायचं: गृहीतक दिशा सांगणारं असेल, म्हणजे वन-टेल्ड, तर क्रिटिकल व्हॅल्यू (एससाठीची मर्यादा) १ आणि निकाल सार्थ, म्हणजे योगायोगाचा न मानण्याजोगा. दिशा न सांगणारं, म्हणजे टू-टेल्ड, असेल तर क्रिटिकल व्हॅल्यू ०, आणि तोच निकाल सार्थ नाही. बरोबरीवाले वगळायला विसरून एन १० धरला तर टू-टेल्डलाही तक्ता १ दाखवतो आणि उत्तर साफ उलटं पडतं. वर एस हा तक्त्यातल्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान असावा लागतो. बरीच मुलं मोठा आकडा म्हणजे सार्थ असं धरून बसतात. यातलं काय पाठ करणार?

निबंधाचंही तेच. मिलग्रॅमचा १९६३ चा प्रयोग (केवळ सांगितलं म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे शॉक देत जातो का), ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळं झकास पाठ असलेलं मूल १६ गुणांच्या प्रश्नात दोन पानं प्रयोगच सांगत बसतं. त्या प्रश्नात वर्णनाला गुण ६. प्रसंग दिलेला नसेल तर उरलेले १० मूल्यमापनाला: प्रयोगशाळेतली आज्ञाधारकता बाहेर लागू पडते का, सहभागी लोकांची फसवणूक योग्य होती का, शॉक खरे आहेत असं त्यांना खरंच वाटत होतं का. पाठांतराची मजल सहापर्यंतच.

लॉमध्ये पाठांतर उलटतंसुद्धा. टॉर्टमध्ये (दुसऱ्याचं नुकसान केल्याच्या भरपाईचा दिवाणी कायदा) निष्काळजीपणाचा प्रश्न आला की थोरल्या भावंडांच्या जुन्या नोट्स वापरणारी मुलं कपॅरो खटल्याची (१९९०) तीन कलमी कसोटी उतरवून काढतात: हानीची कल्पना येण्याजोगी होती का, दोघांत पुरेसा संबंध होता का, जबाबदारी लादणं न्याय्य आहे का. प्रश्नात मात्र गाडीवाल्याने पादचाऱ्याला उडवलेलं असतं. गाडीवाल्याची जबाबदारी केव्हाच प्रस्थापित झालेली आहे. हडर्सफील्डच्या रस्त्यावर पोलिस संशयिताला पकडत असताना त्या झटापटीत एक वृद्ध बाई खाली पडून जखमी झाल्या. त्या रॉबिन्सन खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की, प्रत्येक खटल्यात कपॅरो लावायचं नसतं. जिथे आधीचे निर्णय आहेत तिथे तेच चालतात, कसोटीचा विचार नव्या प्रकारच्या प्रसंगात. म्हणजे एका ओळीत संपणारा मुद्दा पानभर लिहिला आणि कर्तव्यभंग, कारणसंबंध यांना वेळच उरला नाही. चोरीच्या प्रश्नात अप्रामाणिकपणासाठी अजून घोश खटल्याची (१९८२) कसोटी लिहिणाऱ्यांची हीच गत, तिथे २०१७ पासून आयव्ही खटल्याची कसोटी आहे.

सोशिऑलॉजीबद्दल एवढंच: एक्यूएच्या पहिल्या पेपरात २० गुणांचा 'मेथड्स इन कॉन्टेक्स्ट' प्रश्न असतो. मुलाखतीचे फायदे-तोटे छान लिहिले, पण शाळेला दांडी मारणाऱ्या मुलांचीच मुलाखत घेताना काय अडेल (ती सापडणार कुठे, शाळेने नेमलेल्या माणसाशी मोकळं बोलतील का) हे लिहिलं नाही, तर गुण मधेच अडकतात.

'सोपा ए-स्टार' म्हणावं तर २०२४ मध्ये सगळे विषय मिळून ए किंवा ए-स्टार मिळालेल्यांचं प्रमाण २७.८ टक्के होतं. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीत ते पाचात एकाच्या आसपास. यावरून हे विषय इतरांपेक्षा कठीण ठरतात असं नाही, कोण मुलं कुठला विषय घेतात यावरही ते अवलंबून असतं. पण फुकटचा ए-स्टार कुठे दिसत नाही, हे नक्की.

यूकासचे निम्मे पॉइंट्स ही तर शुद्ध लोणकढी. ए-स्टारला ५६, एला ४८, बीला ४०. फिजिक्सला तेवढेच, सोशिऑलॉजीला तेवढेच.

रसेल ग्रुपच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते देऊन टाकू. या २४ विद्यापीठांच्या गटाची 'फॅसिलिटेटिंग' विषयांची एक यादी होती आणि हे तिन्ही त्यात नव्हते. पण ती यादी जास्तीत जास्त पदव्यांना अट म्हणून लागणाऱ्या विषयांची होती, बाकीच्यांवर बंदी घालणारी नव्हती. शिवाय २०१९ मध्ये ती रसेल ग्रुपनेच मोडीत काढली. फॉरवर्डवाल्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही.

लॉच्या पदवीला ऑक्सफर्ड-केंब्रिज कुठलाही ठरावीक विषय मागत नाहीत. लॉ नसला तरी चालतो, असला तरी चालतो. तिथे एलनॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते: ९५ मिनिटांत १२ उताऱ्यांवर ४२ प्रश्न, मग ४० मिनिटांत एक निबंध. त्यात कायद्याचं ज्ञान तपासतच नाहीत, त्यामुळे ए-लेव्हल लॉचा तिथे फायदाही नाही. आणि २०२१ पासूनच्या एसक्यूई या पात्रता परीक्षेच्या पद्धतीत सॉलिसिटर व्हायला पदवी लॉचीच हवी असंही नाही.

मेडिकलचं मात्र त्या फॉरवर्डमध्ये चुकून बरोबर आलंय, तेही अर्धंच. तिन्ही विषय हेच घेतले तर इंग्लंडमध्ये नेहमीच्या मेडिकल प्रवेशाचा रस्ता जवळपास संपतो, कारण बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागते, बऱ्याच ठिकाणी बायॉलॉजीही. भारतात परतून 'नीट' परीक्षा द्यायची असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही हवेत. पण केमिस्ट्री-बायॉलॉजीच्या जोडीला तिसरा विषय म्हणून सायकॉलॉजी अनेक मेडिकल स्कूल्सना चालते. इंजिनिअरिंग किंवा नामांकित ठिकाणचं इकॉनॉमिक्स मनात असेल तर मॅथ्स सोडून भागत नाही. काहीच ठरलेलं नसेल तर या तिघांतले दोन आणि एक मॅथ्स किंवा बायॉलॉजी असं घ्यावं, आणि नाव नोंदवताना लॉचं बोर्ड कुठलं, तिसऱ्या पेपरला कॉन्ट्रॅक्ट शिकवतात की ह्यूमन राइट्स, हे विचारून घ्यावं. म्हणजे सेकंडहँड पुस्तकं तरी चुकीची येणार नाहीत.