आईंच्या गोळीबद्दल, आणि माझ्या चुकलेल्या वाक्याबद्दल

दादा, तुमची प्रतिक्रिया काल दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचली. घरी जाऊन परत वाचली. राग रास्त आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

इतरांना संदर्भ लागेल, तो आधी देते. दुखण्याच्या गोळीचं व्यसन कसं ओळखावं, यावरचा माझा लेख यांच्या मामांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. यांच्या आईंचा कॅन्सर हाडांत पसरलाय आणि डॉक्टरांनी त्यांना ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची दुखण्याची गोळी, दिलीय. लेख वाचून आईंनी परस्पर गोळी बंद केली आणि दोन रात्री पलंगाच्या कडेला बसून काढल्या. दादांनी लिहिलंय, "काउंटरमागे बसून लोकांना घाबरवणं सोपं आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या गोळीचं व्यसन लागत नसतं, व्यसनी माणसालाच लागतं."

आईंना झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागते. लेखात मी लिहिलं होतं, "रोज गोळी लागते, चुकली की घाम फुटतो, म्हणजे समजून जा." हे वाक्य चुकीचं होतं, आणि सव्वीस वर्षं औषधं विकणाऱ्या बाईनं ते लिहायला नको होतं. या जातीची गोळी काही आठवडे नियमित घेतली की शरीराला तिची सवय होतेच. ती कोणालाही होते, आईंना होईल, मलाही होईल. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्याही एकदम थांबवल्या तर प्रेशर उसळी मारतं. म्हणून त्या माणसाला कोणी व्यसनी म्हणतं का? कॅन्सरच्या दुखण्यात डोस वाढतो तो पुष्कळदा आजार वाढला म्हणून. गोळी घेतल्यावर आई उठून बसत असतील, दोन घास जास्त खात असतील, नातवंडांशी बोलत असतील, तर ती गोळी तिचं काम चोख करते आहे. त्यांना ती वेळेवर द्या, दुखणं डोक्यावर बसेपर्यंत थांबू नका. आणि ट्रॅमाडॉल असं एका दिवसात तोडायचं नसतं. कमी करायचं असेल तर ते डॉक्टर करतील, टप्प्याटप्प्यानं.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते, चिठ्ठीवरच्या गोळीचं व्यसन लागत नसतं या. ते मला मान्य नाही, कारण ते खोटं ठरताना मी माझ्याच काउंटरवर पाहिलंय. त्यात माझाही हात होता.

पिंपळगावकडचे एक बागायतदार. द्राक्षाची छाटणी, औषध फवारणी, ट्रॅक्टरवरचे हादरे, शेवटी मणक्याचं ऑपरेशन. शहरातल्या डॉक्टरांनी सात दिवसांची गोळी लिहून दिली, ट्रॅमाडॉल साडेसदतीस मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325, एकाच गोळीत. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. चूक झाली ती त्या चिठ्ठीला सात दिवसांनंतरही फिरू दिलं म्हणून. दहाची स्ट्रिप आधी पाच दिवस जायची, मग तीन, मग दीड. कधी स्ट्रिप हरवायची, कधी पाव्हण्यांना द्यावी लागायची, कधी बाहेरगावी जायचं असायचं. माणूस सोन्यासारखा, उधारी एक रुपया नाही. एकदा चिठ्ठीची झेरॉक्स आणली, तारखेवर पेन फिरवलेलं. मी नाही म्हटलं तर माझ्या काउंटरवर मूठ आपटली. संध्याकाळी येऊन माफी मागितली आणि त्याच दमात पुन्हा गोळी मागितली.

पण खरी खूण त्यांच्या बायकोनं सांगितली होती, महिनाभर आधी, आणि मला ती ऐकूच आली नाही. ती म्हणाली, "ताई, यांना रोज सकाळी सर्दी होते. नाक गळतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा येतो, पोट बिघडतं. ती पांढरी गोळी घेतली की तासाभरात सगळं थांबतं." मी काय केलं असेल? सर्दीची गोळी दिली. दुखण्याच्या गोळीनं थांबणारी सर्दी ही सर्दी नसते, हे पुस्तकात वाचलेलं असूनही. रक्तातलं औषध कमी झालं की शरीर ते असं मागतं. उलट औषध भरलेलं असलं की डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होऊ शकतात, माणूस ताटावर पेंगतो, आठवडा आठवडा पोट साफ होत नाही.

यातलं एकेक लक्षण तुमच्या आईंमध्येही सापडेल. म्हणून एका लक्षणावरून निकाल द्यायचा नसतो, आणि मी नेमका तोच दिला होता. मी आता एवढंच विचारते, गोळी कशासाठी घेतली जाते? बागायतदारांची पाठ चार महिन्यांत बरीच सुधारली होती. तरी गोळी चालू होती: झोप येत नाही म्हणून, व्यापाऱ्यानं भाव पाडला म्हणून, घरात वाजलं म्हणून. ते बागेत जायचे बंद झाले होते. गोळ्या तीन ठिकाणी लपवलेल्या असायच्या, त्यातली एक जागा फवारणीच्या पंपामागे. नाशिकला यायचं तर आधी दुकानं उघडी आहेत का याची चौकशी. घरातला दिवस त्या स्ट्रिपभोवती फिरायला लागला होता. आईंच्या बाबतीत असं काही आहे का? तुमच्या प्रतिक्रियेवरून तरी नाही.

आणखी एक, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. बागायतदारांच्या त्या गोळीतलं पॅरासिटामॉल मोजा. दिवसाला दहा गोळ्या म्हणजे सव्वातीन ग्रॅम, त्यावर तापासाठी 650 ची एक घेतली की दिवसाच्या चार ग्रॅमच्या मर्यादेला हात लागला. लिव्हर तक्रार करत नाही, एकदम बसतं. आणि ट्रॅमाडॉल जास्त झालं तर फिट येऊ शकते, नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर तर धोका आणखी वाढतो. म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा, आयुर्वेदिक पुडीसुद्धा.

तुम्ही म्हणता, नाशिकमध्ये चिठ्ठीशिवाय कोण देतं? कायदा तुमच्या बाजूनं आहे. 2014 पासून ही गोळी एच-वन रजिस्टरमध्ये, म्हणजे अशा औषधांच्या वेगळ्या वहीत, लिहावी लागते, डॉक्टर, रुग्ण, किती दिली, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. एप्रिल 2018 पासून ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आली. त्याआधी अनेक वर्षं आम्ही दुकानदार तिला 'सौम्य' समजून हात सैल सोडून देत होतो, मीसुद्धा. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या नशेच्या पावडरीचा कारखाना सापडला, तेव्हा माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याबद्दल बोलत होतं. बोलता बोलता पिशवीत स्ट्रिप टाकत होतं. नशा म्हणजे कॉलेजच्या पोरांची पावडर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेली पाहणी 2019 मध्ये आली. तिच्यात देशातल्या लोकांपैकी हेरॉइन घेणारे 1.14 टक्के होते आणि अफूच्या जातीची औषधं नशेसाठी घेणारे 0.96 टक्के. ते सगळे चिठ्ठीवरून तिथे पोचले असं मी म्हणत नाही. पण दोन आकड्यांत अंतर किती कमी आहे ते बघा.

बागायतदारांना शेवटी त्यांच्या बायकोनंच सिव्हिलच्या मानसोपचार विभागात नेलं. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' म्हणून ते दोन वेळा अर्ध्या रस्त्यातून परतले होते. डोस हळूहळू उतरवला, मध्ये एकदा घसरले, परत गेले. आता माझ्याकडे प्रेशरची गोळी घ्यायला येतात आणि छाटणीवर बोलतात. हे वाचून कोणाला आपल्या घरचं आठवलं असेल तर 14446 हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर आहे.

दादा, लेखातलं ते वाक्य मी रात्रीच काढलंय. त्या जागी कॅन्सरच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये, असं ठळक लिहिलंय. मामांनी आधीचा लेख जिथे टाकला तिथेच हा टाकायला सांगा. आणि आईंना पोट रोज साफ होतंय का, तेवढं विचारा. या गोळीनं हमखास अडतं, आणि बायका सांगत नाहीत. डॉक्टर त्यावर औषध देतात.