पास्ता रात्रभर ओट्यावर? अजिबात नको

रविवारी एकदाच भाज्यांचा पास्ता करायचा आणि आठवडाभर डबे भरायचे, असा एक सल्ला सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: उकळत्या पाण्यात तेल घाला, पास्ता चिकटत नाही. शिजला की गार पाण्याने धुवा. गरम अन्नाने फ्रिज बिघडतो, म्हणून रात्रभर ओट्यावर निवू द्या. मग तो सात दिवस टिकतो, खाताना कडकडीत गरम केला की जंतू मरतात. आणि गार झालेल्या पास्त्यात कॅलरी जवळपास उरतच नाहीत.

आयता पास्ता करून ठेवायला माझा विरोध नाही, मीही करते. पण या सूचनांपैकी काही फुकटच्या आहेत आणि एक धोक्याची.

तेलाचं आधी उरकते. तेल पाण्यावर तरंगतं आणि पास्ता असतो पाण्याच्या आत, त्यामुळे दोघांची गाठ पडते ती चाळणीत ओतताना. पास्ता चिकटतो तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत, पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून लिबलिबीत होतो तेव्हा. त्या वेळी ढवळत राहायचं आणि पाणी भरपूर घ्यायचं: 100 ग्रॅमला साधारण एक लिटर. तेल घालायचंच असेल तर निथळल्यावर चमचाभर चोळा, तिथे ते खरंच कामाला येतं.

धुणं सरसकट चूक नाही. सॅलडसारखा गारच खायचा असेल तर धुवावा. सॉसमध्ये घालायचा असेल तर तोच स्टार्च सॉसला धरून ठेवतो. तो नळाखाली वाहून घालवायचा आणि मग सॉस पातळ झाला म्हणून कुरकुरायचं, याला अर्थ नाही.

आता ओट्यावरची रात्र. बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू धान्यात, मातीत, भाज्यांवर सर्रास असतो. उकळल्यावर जिवाणू मरतो, पण त्याचे बीजाणू (टणक कवचातलं त्याचं झोपलेलं रूप) तग धरतात. पास्ता कोमट होऊन तसाच पडून राहिला की ते रुजतात, वाढतात आणि काही प्रकार सेरियुलाइड नावाचं विष तयार करतात. 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मधला पट्टा जंतूंच्या सोयीचा, आणि ओट्यावरचं पातेलं रात्रभर नेमकं तिथेच असतं.

‘कडकडीत गरम केलं की झालं’ हा मुद्दाही इथेच कोसळतो. जिवाणू मेला तरी विष मागे राहतं, आणि सेरियुलाइड 121 अंशांवर तासभर तापवूनही टिकतं. घरातल्या गॅसची किंवा मायक्रोवेव्हची तिथे काय मात्रा चालणार? बेल्जियममध्ये 2008 साली एका 20 वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात तसंच राहिलेलं स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्लं. त्याच रात्री तो दगावला. 2011 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात या घटनेची नोंद छापून आली. पाच दिवस म्हणजे टोक झालं, एका रात्रीने प्रत्येकाचं असं होईल असं कोणी म्हणत नाही. पण वास-चव न बदलताही विष असू शकतं, म्हणून ‘वास घेऊन बघू’ हा उपाय इथे चालत नाही.

फ्रिज बिघडण्याची भीती मात्र अगदीच निराधार नाही. उकळतं भरलं पातेलं आत ढकललं तर शेजारचे पदार्थ तापतात. त्याचं उत्तर रात्रभर थांबणं नव्हे. पास्ता पसरट ताटात किंवा उथळ डब्यांत पातळ थरात पसरा, वाफ जाऊ द्या, आणि दोन तासांच्या आत डबे फ्रिजमध्ये जाऊ द्या.

सात दिवस टिकतो हेही जास्तच झालं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस धरा. रविवारी केलात तर गुरुवार-शुक्रवारचे डबे फ्रीझरमध्ये टाका.

कॅलरींच्या दाव्यात चिमूटभर सत्य आहे. थंड होताना थोडा स्टार्च पुन्हा घट्ट जुळतो आणि सहज पचत नाही. हे प्रमाण लहान असतं. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण 350 कॅलरी असतात, फ्रिजमध्ये रात्र काढून त्या गायब होत नाहीत.

त्या सल्ल्यात भाज्यांबद्दल चकार शब्द नाही, आणि तिथेच बहुतेकांचा डबा फसतो. झुकिनी, मशरूम पाणी सोडतात. ते मोठ्या आचेवर परतून पाणी आटवून घ्या. ब्रोकोली, गाजर किंचित कच्चट ठेवा, गरम करताना ती पुन्हा शिजणारच. पास्ताही पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढा. स्पॅगेटीपेक्षा पेने किंवा फुसिली तिसऱ्या दिवशीही बरी राहते. सॉस जमेल तर वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर पास्ता तो रात्रभर पिऊन फुगतो. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडा आणि वाफ येईपर्यंत झाकण ठेवा.