गरिबी सिद्ध करण्याचे सोपे उपाय

तुमच्यावर अन्याय झालाय, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, आणि कोर्टात फुकट वकील मिळतो असं कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय. छान. आता एकच काम उरलं. तुम्ही गरीब आहात हे सिद्ध करायचं. त्यानंतरचा खटला त्या मानाने किरकोळ.

सुरुवात कपड्यांपासून करा. कोर्टात जायचं म्हणून ठेवणीतली साडी नेसून जाल तर फसाल. खिडकीपलीकडचे डोळे पदरापासून चपलेपर्यंत फिरतात आणि निकाल तिथेच लागतो: "बघून तसं वाटत नाही हो." केसाला तेल नको. मोबाईल पिशवीच्या तळाशी ठेवा. तो वाजलाच, तर दुसऱ्याच्या पिशवीकडे बघा.

एक ते तीनमध्ये जाऊ नका, जेवणाची सुट्टी असते. तीननंतर साहेब मीटिंगला असतात.

झेरॉक्स पाच प्रतींत काढा. कशाच्या, ते तिथे गेल्यावर कळेल.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींबरोबर हा अभ्यासक्रम मी नुकताच पुरा केलाय. मावशी लग्न होऊन आल्यापासून एका जुन्या वाड्यात, एका खोलीत भाड्याने राहतात. खोली नवऱ्याच्या नावावर होती, तो वारला. वाडा पाडून टॉवर उठवायचा म्हणून मालकाला भाडेकरू नकोसे झालेत. मावशी जत्रेला गावी गेल्या आणि परत येऊन बघतात तर दाराला भलतंच कुलूप. आता अशा वेळी स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं सहावं कलम कामाला येतं: बेकायदा ताबा काढून घेतला असेल तर सहा महिन्यांच्या आत दावा लावा, खोलीची मालकी कुणाची हा प्रश्नच त्यात येत नाही. सहा महिने उलटले की ती वाट बंद. म्हणजे वकील लवकर मिळायला हवा. म्हणून आम्ही गेलो मोफत विधी सेवेच्या खिडकीवर.

खिडकी म्हणाली, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा. दाखल्यासाठी सेतूत गेलो, तर तिथे रेशन कार्ड मागितलं. रेशन कार्ड खोलीत. खोलीला कुलूप. बरं मग, राहत असल्याचा दुसरा काही पुरावा? भाडेपावत्या आहेत, नवऱ्याच्या नावाच्या, पत्र्याच्या पेटीत. पेटी खोलीत. लाइट बिल? मालकाच्या नावाने. मग सोपं आहे की, मालकाकडूनच पत्र आणा तुम्ही तिथे राहता म्हणून! हो, त्याच मालकाकडून. तो असं पत्र देणारा असता तर मावशी वकील शोधत कशाला हिंडल्या असत्या, असं विचारायचं नाही. उर्मटपणा समजला जातो. जिथे काम करता तिथून पगाराचं पत्र आणा, असाही एक सल्ला मिळाला. मावशी पाच घरचा स्वयंपाक करतात. वीस-वीस वर्षं त्यांच्या हातच्या पोळ्या खाणारी घरं, पण कागदावर सही म्हटल्यावर एकेकाचा चेहरा बघायला हवा होता. "लेखी नको हं मावशी, उगाच नसती भानगड." मधल्या काळात सर्व्हर डाऊन होता, मग तो वर आला, मग अर्ज त्रुटीत गेला. त्रुटी काय? रेशन कार्ड जोडलेले नाही.

आणि मजा अशी की यातल्या एकाही कागदाची गरज नव्हती.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७. कलम १२. फुकट वकील कुणाला मिळतो याची यादी आहे त्यात: अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, कोठडीत असलेले, मुलं आणि स्त्रिया. या लोकांना उत्पन्नाची अटच नाही. यादीत न बसणाऱ्यांसाठी मिळकतीची मर्यादा, ती महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख. मावशी स्त्री आहेत. खिडकीसमोर उभ्या होत्या, दिसत होत्या. बरं, समजा मावशींच्या जागी काका असते, तरी पुढचंच कलम १३ सांगतं की उत्पन्नाबाबत अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येईल, अविश्वासाला काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. पण आपल्याकडे अविश्वासाला कारण लागत नाही. माणूस गरीब असणं हेच कारण.

तर पुढचा उपाय: कायदा वाचून जाऊ नका. मी गेले. मोबाईलवर कलम काढून दाखवलं. उत्तर मिळालं, "आम्हाला तसं काही पत्र आलेलं नाही." हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. पत्र पोस्टात असेल.

प्रतिज्ञापत्र करायचंच ठरवलंत तर बाहेरच्या टेबलवाल्याला स्टॅम्प पेपर लागतो का, हे विचारू नका. तो विकायलाच बसलाय. सरकारी कार्यालयात आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क २००४ मध्ये माफ झालंय, ही बातमी त्याच्या टेबलापर्यंत पोचलेली नाही.

"मिटवून टाका ना, लोकन्यायालयात घालू" असं कुणी गोड आवाजात म्हणालं तर लगेच मान डोलवा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, हे सही केल्यावर समजलेलं बरं.

अन्याय करून घ्यायला नोव्हेंबर महिना टाळा. ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो. प्रभातफेरी, बॅनर, दीपप्रज्वलन, महिलांसाठी कायदेविषयक जनजागृती शिबिर, शाल-श्रीफळ, फोटो. आम्ही बसलो होतो त्याच्यासमोरच्या भिंतीवर असाच एक बॅनर होता. 'न्याय सर्वांसाठी.' त्याच्याखाली हाताने लिहिलेला कागद: 'उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' शिबिरात बायकांना हक्क सांगायचे आणि बायका हक्क मागायला आल्या की तहसीलकडे पिटाळायच्या! अहो, जनजागृतीचं एखादं शिबिर स्वतःच्या ऑफिसात घ्या की. चार खुर्च्या पुरतील.

नाही, आता उपरोध जमत नाही मला. सरळच बोलते.

हा उपकार नाही. घटनेत अनुच्छेद ३९-क आहे, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेला. पैसे नाहीत म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, असं राज्याला बजावणारा. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, वकील, सगळं मोफत विधी सेवेत येतं. अर्ज तोंडी सांगितला तरी चालतो, लिहून घेणं तुमचं, खिडकीमागच्यांचं काम. त्यावर सात दिवसांच्या आत निर्णय द्यायचा हा तुमचाच नियम, २०१० चा. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसा घ्यायचा नाही, 'झेरॉक्सपुरते' सुद्धा नाही. मावशींना शेवटी मिळालेली वकील मुलगी चोख आहे, फाइल वाचून येते, फोन उचलते, दावा मुदतीत लावला तिने. तिच्यापर्यंत पोचायला सहातले किती महिने तुम्ही खाल्लेत ते एकदा मोजा. मावशी तोवर भाचीच्या घरी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकून झोपत होत्या. खाडे झाले म्हणून पाचातलं एक घर सुटलं. ते पैसे कोण भरून देणार?

आणि सोसायटीतल्या सज्जनांनो, तुमच्या घरी येणाऱ्या बाईला दोन ओळी लिहून द्यायला तुमचं काय जातं? 'अमुक बाई आमच्याकडे इतक्या वर्षांपासून काम करतात.' खाली सही. फ्लॅटच्या कर्जासाठी ढीगभर सह्या केल्यात ना, तेव्हा नाही भानगड वाटली?

दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर तेच लेखी मागा. १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नकारावर अध्यक्षांकडे अपील करता येतं, आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. आणि तुम्ही, खिडकीमागचे: तो हाताने लिहिलेला कागद आजच्या आज फाडा. स्त्रियांना दाखला लागत नाही, एवढं मोठ्या अक्षरात लिहून तिथे लावा. बाई आली की तिला बसायला सांगा, तिचं ऐका, अर्ज तुम्ही लिहा. त्याचाच पगार घेता तुम्ही.