‘काम तरी मिळतंय ना!’

सुरतच्या एका साडी युनिटचा व्हिडिओ गेल्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरला. पत्र्याचं शेड, खिडक्यांना जाळी, एकच दार आणि त्या दारातच मालाचे गठ्ठे रचलेले. पोरं आपलीच, बोलणं अहिराणी. खालच्या कमेंटांत दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे ही गुलामी आहे, असला माल घेणंच बंद करा. दुसरी म्हणे घरी बसलेल्याला तुम्ही खाऊ घालणार का? काम तरी मिळतंय ना!

दोन्ही पार्ट्यांत माझे मित्र आहेत, म्हणून तिथे काही लिहिलं नाही. इथे लिहितो. लांब आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. धरणगाव भागातल्या एका जिनिंगमध्ये मी हिशेबाला आहे. दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत आमचा हंगाम. कापसाच्या गाड्या येतात, रुई आणि सरकी वेगळी होते, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. मशीनवर कापूस टाकणाऱ्या, कवडी-कचरा वेचणाऱ्या बहुतेक बाया. बरीचशी कुटुंबं सातपुड्यातून येतात, चोपडा-शिरपूरच्या वरून किंवा मध्य प्रदेशातून, आणि हंगामभर कंपाउंडमध्येच राहतात. मुकादमाने उचल आधीच दिलेली असते. हवेत तंतू इतके की संध्याकाळी बाईच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. छातीत भरणाऱ्या या धुळीच्या आजाराला डॉक्टर लोक बिसिनोसिस म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, ‘कापूस लागला’.

तर ‘काम तरी मिळतंय’ हे खोटं नाही. मी रोज बघतो. जिन उशिरा सुरू झाली की गेटवर येऊन विचारणाऱ्या बायाच असतात, ‘भाऊ, कधी चालू करताय?’ ज्यांना आपण शोषित म्हणतो त्याच कामाची वाट बघत असतात, हे ज्याला पचत नाही त्याने या विषयावर बोलू नये. माझ्या मावसभावाला मी विचारलं होतं, सुरतेत बारा-बारा तास कशाला मरतो? तो म्हणाला, “भाऊ, आठे कोन काम देस? तठे रोज हाताले काम शे.” उधना, लिंबायत, डिंडोलीत आपली एवढी माणसं आहेत की तिथलं राजकारणसुद्धा खान्देशी मतांवर चालतं. ती काही फसून गेलेली नाहीत. तापी लाइनच्या गाडीत उभ्याने गेली, समजून-उमजून गेली.

अर्थशास्त्रातही हे बोलणारे मोठे लोक आहेत. पॉल क्रुगमन यांनी १९९७ मध्ये हेच मांडलं होतं: मनिलाच्या कचऱ्याच्या डोंगरावर भंगार वेचण्यापेक्षा कारखान्यातली कमी पगाराची नोकरी बरी, आणि आपल्याला ती बघवत नाही म्हणून बंद पाडली तर गरीब माणूस परत त्या डोंगरावर जाईल. बांगलादेशात तर ते झालंच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सेनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालावर बंदीचं विधेयक आणलं. ते पासही झालं नाही, पण नुसत्या धाकाने ढाक्याच्या कारखान्यांनी हजारो पोरं एका झटक्यात काढून टाकली. नंतर युनिसेफने शोध घेतला तेव्हा त्यातली कितीतरी पोरं शाळेत नव्हती. दगड फोडत होती, काही मुली तर त्याहून वाईट ठिकाणी गेल्या होत्या. बहिष्कारवाल्या मित्रांनी हे वाचावं.

मग मी दुसऱ्या पार्टीत का नाही? कारण त्यांचा हिशेब अर्धाच आहे. ‘घरी बसण्यापेक्षा बरं’ म्हणताना घरी काय आहे हे ते धरूनच चालतात, जणू ते देवाने ठरवलंय. जिनमधला रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मशीन किती काम करतं यावर ठरत नाही. गिरणा धरणात पाणी किती, यावर ठरतो! ज्या वर्षी पाऊस बरा, रब्बीचा हरभरा-गहू उभा, त्या वर्षी मुकादम बाया मिळत नाहीत म्हणून रडतो आणि रोज वाढतो. दुष्काळाच्या वर्षी त्याच मशीनवर, त्याच गाठीला, तीच बाई कमी पैशांत मिळते. मालकाने त्या वर्षी काही वेगळं केलेलं नसतं. माणसाला दुसरा रस्ता नाही, हा त्या नोकरीचा गुण म्हणून सांगितला जातो, तेव्हा मला राग येतो. दुसरा रस्ता नसणं हाच तर भाव पाडायचा मार्ग आहे.

आणि कारखान्यातली नोकरी नेहमी चांगलीच असते, हेही धरून चालू नका. ब्लॅटमन आणि डेरकॉन या दोघा अर्थतज्ज्ञांनी इथिओपियात पाच कारखान्यांकडे आलेल्या हजारेक अर्जदारांपैकी कोणाला नोकरी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि पुढे काय होतं ते बघितलं. ज्यांना नोकरी लागली त्यातले बहुतेक काही महिन्यांत सोडून गेले. कमाई बाहेरच्या किरकोळ कामापेक्षा जास्त नव्हती, तब्येतीच्या तक्रारी मात्र वाढल्या. उलट बांगलादेशात ज्या गावांजवळ कपड्यांचे कारखाने आले, तिथल्या मुली जास्त शिकल्या आणि त्यांची लग्नं उशिरा झाली, असंही एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे दहावी झाली की स्थळं बघायला लागतात, तेव्हा हे दुसरं मला फार मोठं वाटतं. म्हणजे एकाच सुरात सगळ्या कारखान्यांना आशीर्वाद किंवा शाप देता येत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते राणा प्लाझाबद्दल.

२४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळचं सावर. वरचे मजले बेकायदा चढवलेली इमारत कोसळली, ११३४ माणसं मेली. हे बहुतेकांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. २३ तारखेला भिंती-खांबांना तडे दिसले. इमारत रिकामी केली. त्याच इमारतीत खाली एक बँक होती, दुकानं होती. बँकेने आपल्या माणसांना दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलं. दुकानंही बंद राहिली. वरच्या पाच कारखान्यांतल्या शिलाई करणाऱ्या बायांना मात्र बोलावलं गेलं. आला नाहीत तर पगार कापू, महिन्याचा पगार देणार नाही, असं धमकावलं गेलं. त्या आल्या. तडे त्यांनाही दिसले होते.

इमारत एक, तडा एक. बँकेचा कारकून वाचला, कारण घरी राहून त्याचा पगार बुडणार नव्हता. ‘त्यांनी ते काम स्वतःहून स्वीकारलं’ हे वाक्य ऐकलं की मला त्या दोन मजल्यांमधला जिना आठवतो. बाईने नोकरी स्वीकारली होती हे खरंच. तडा गेलेल्या इमारतीत जायचं तिने स्वीकारलं नव्हतं. ते तिच्याकडून उरलेल्या पगाराच्या जोरावर काढून घेतलं. मुकादमाकडे उचल आणि मागचा पगार अडकलेला असला की माणूस कशालाही हो म्हणतो, हे मला सांगायला ढाक्याला जावं लागत नाही.

आता ‘सुरक्षा मागितली तर कारखाने पळून जातील’ याचा हिशेब. राणा प्लाझानंतर महिन्याभरात परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये करार झाला. पुढे दोनशेच्या वर ब्रँड त्यात आले. करार कायद्याने बांधणारा. तपासणीत दोष निघाला तर दुरुस्ती कर, नाहीतर ऑर्डर बंद. दारं बदलली, कुलपं काढली, खांब भक्कम केले. काही छोटे कारखाने बंद झाले, हे लपवायचं कारण नाही. पण बांगलादेशची कपड्यांची निर्यात २०१२-१३ मध्ये सुमारे २१ अब्ज डॉलर होती, ती २०१८-१९ मध्ये सुमारे ३४ अब्जांवर गेली. दार उघडं ठेवल्याने धंदा बुडाला नाही.

हे सगळं परदेशातलं म्हणाल. पण ही कटकट खान्देशात १४० वर्षं जुनी आहे.

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१चा. तो व्हावा म्हणून ओरड करणाऱ्यांत इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालक पुढे होते. त्यांना मुंबईच्या मजुरांचा पुळका नव्हता, मुंबईचा स्वस्त माल डोळ्यात खुपत होता. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनी कायद्यालाच विरोध केला. आजचंच भांडण बघा, गोरा देश आपल्या मजुराविषयी बोलतो तेव्हा त्याच्या पोटात काय आहे? प्रश्न रास्त आहे. पण त्या भांडणात गिरणीत उभ्या पोराचे तास कोणी मोजत नव्हतं. मोजले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये मुंबईत सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी दिला, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हा सत्यशोधक माणूस ना मँचेस्टरचा होता ना मालकाचा. आज रविवारी मटण आणायला निघणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं नाव एकदा घ्यायला हरकत नाही.

आणि त्या १८८१च्या कायद्यात आपण कुठे होतो? कुठेच नाही. वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या आणि शंभराच्या वर माणसं असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. जिन म्हणजे हंगामी, म्हणून सुटली. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे खान्देशातल्या जिन-प्रेसच्या साक्षी झाल्या. पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत बाया कामावर, आणि जोराच्या हंगामात तीच माणसं रात्रंदिवस जुंपलेली.

मग स्वातंत्र्य आलं. १९४८ मध्ये ईएसआय कायदा झाला. कामगाराला दवाखाना, आजारपणात पगार, बाळंतपणाची रजा. त्यातून ‘हंगामी कारखाने’ वगळले, आणि त्या यादीत पहिलं नाव आहे कापूस जिनिंग. (यादीत नीळसुद्धा आहे. निळीचे कारखाने कुठे राहिलेत ते शोधून सांगा.) २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्यांना ईएसआयमधून बाहेरच ठेवलंय. ज्या कामात छाती कापसाने भरते, तेच नाव घेऊन वगळलेलं. जळगावात खान्देश मिल होती तिथे आज मॉल आहे, अमळनेरची प्रताप मिल थंड झाली. जिन मात्र तेव्हाही होती, आजही आहे आणि तेव्हाही बाहेर होती, आजही बाहेर आहे.

हे मालकाच्या दुष्टपणातून होतं असं मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे मी काम करतो ते सणाला साड्या वाटतात, कोणाची पोर आजारी पडली तर गाडी देतात. पण शेजारची जिन ज्या दरात गाठ बांधून देते, त्याच दरात यांनाही द्यावी लागते. एकट्याने रोज वाढवला तर पुढच्या हंगामात व्यापारी दुसरीकडे जाईल. म्हणून ‘चांगला मालक’ हा यावरचा इलाज नाही. नियम सगळ्यांना एकदम लागला तरच कोणाचं नुकसान होत नाही.

आणि पैसे कुठून येणार, तर हिशेबाचा माणूस म्हणून सांगतो. एका टी-शर्टला साधारण २०० ग्रॅम रुई धरा. त्यासाठी कापूस लागतो ६०० ग्रॅमच्या आसपास. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. म्हणजे शेतकऱ्याला एका टी-शर्टमागे ४८-४९ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. शिवणाऱ्याच्या मजुरीचा वाटा विक्रीच्या किमतीत एक ते तीन टक्के मानतात. हजाराच्या टी-शर्टमध्ये दहा ते तीस रुपये. ही मजुरी दुप्पट केली तरी गिऱ्हाइकाला फार तर तीस रुपये जास्त पडतील. इंडोनेशियात १९९०च्या दशकात मोठ्या ब्रँडवर दबाव आला, तेव्हा त्यांच्या कारखान्यांतली मजुरी बरीच वाढली, नोकऱ्या म्हणाव्या तशा घटल्या नाहीत, नफा मात्र कमी झाला. तो तेवढा होऊ द्यावा.

तर बहिष्कारवाल्यांनो, दुकान बदलू नका. बदललं तरी धागा कुठल्या जिनचा ते कळणार नाही. आणि ‘काम तरी मिळतंय’वाल्यांनो, सुरतेला फोन लावाल तेव्हा भावाला एवढंच विचारा: दार बाहेरून लावतात का, दुसरा जिना आहे का, मस्टरवर तुझं नाव आहे का, आणि मागचा पगार किती दिवसांचा अडकवून ठेवलाय?

राहता राहिली जिन. हंगामापुरत्या मजुराला ईएसआय कसं लावणार, असं मालक लोक विचारतात. अहो, हाच माणूस हंगामभर जिनमध्ये, मग विटभट्टीवर, मग शेतावर. माणूस बारमाही आहे, कारखाना हंगामी आहे. पीएफचा नंबर नोकरी बदलली तरी माणसाबरोबर जातोच की, तसाच दवाखान्याचा नंबरही जाऊ शकतो. जिन असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत हे कोणीतरी मांडायला हवं. मी मांडलं तर पुढच्या हंगामात मी कुठे असेन, ते कृपया कमेंटमध्ये विचारू नका.