नळदुर्गचा हवालदार

आमचे आजोबा वय सांगताना साल सांगायचे नाहीत. 'पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी औत हाकीत होतो,' एवढंच म्हणायचे. पोलीस ॲक्शन म्हणजे 1948 मध्ये भारतीय सैन्यानं निजामाच्या हैदराबाद संस्थानावर केलेली कारवाई; आमचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. मराठवाड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी काळ असाच मोजला. पण या शब्दानं एक माणूस आपल्या नजरेआड केला, असं मला आता वाटतं. पोलीस म्हटलं की लढताना मेलेला सैनिक डोळ्यांपुढे येतच नाही.

13 सप्टेंबर 1948 ची पहाट. सोलापूरकडून भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरलं. नळदुर्गजवळ शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनची एक प्लाटून आघाडीवर होती आणि तिचे प्रमुख होते हवालदार बचित्तर सिंह. समोरून दोन गाड्या आल्या, त्या त्यांनी गोळीबार करून अडवल्या, आतली माणसं पकडली. पुढं निजामी सैन्याच्या ठाण्यातून मारा सुरू झाला. हे थेट चालून गेले. ते ठाणं सुमारे 30 यार्डांवर असताना मशीनगनच्या गोळ्या मांडीत घुसल्या आणि ते कोसळले. तशा अवस्थेत सरपटत गेले, दोन हातबाँब टाकले, मशीनगन बंद पाडली. मागे न्यायला आले तर नकार दिला. जवानांना पुढं व्हा म्हणत तिथंच प्राण सोडला.

वर्षभरापूर्वीच त्यांचा पंजाब फाळणीत जळाला होता, आणि हा माणूस आमच्या मातीसाठी मेला!

1952 मध्ये अशोक चक्र सुरू झालं, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. 13 सप्टेंबर 1948 लाच तुंगभद्रेच्या पुलावर लढलेले नाईक नरबहादूर थापा हेही त्यांच्यासोबत. परमवीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्याला मिळतं, अशोक चक्र त्याबाहेरच्या. कागदोपत्री हे युद्धच नव्हतं ना. मशीनगन मात्र खरीच होती.

नर-मादी धबधबा बघायला मी नळदुर्गला किती वेळा गेलो असेन! हे नाव मात्र चाळिशीत कळलं. शाळेत दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, भाषणं ऐकली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ या मुक्तिलढ्याच्या नेत्यांची नावं घेतली जायची, घ्यायलाच हवीत. पण हवालदाराचं नाव कुणी घेतलं नाही. पदक दिल्लीनं दिलं. इथल्या पोरांना ती पहाट सांगणं आपलं काम होतं.

यंदा गावच्या शाळेत झेंडावंदनानंतर दहा मिनिटं मागितली आहेत. गुरुजी हो म्हणालेत. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा भागातल्या शिक्षक मित्रांनो, तुम्हीही मागा.